एका पावसाळ्यात तीन घरं गेली: आमच्या मंडळीतल्या निरोपांचं प्रकरण

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, पुण्यात नगर रोडच्या बाजूला, रविवारची भक्ती मराठीत, सत्तर-पंचाहत्तर घरं. कुणी सलग दोन रविवार दिसलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात फोन जातोच, एवढी सगळ्यांची ओळख. अशा मंडळीतून एकाच पावसाळ्यात तीन घरं गेली. एक जर्मनीला, एक गावाकडे नेवाशाला, आणि एक खराडीतल्या इंग्लिश चर्चला, म्हणजे आमच्यापासून रिक्षाने फार तर पंधरा मिनिटं. तिन्ही घरांचं म्हणणं एकच होतं की आम्ही प्रार्थना केली आणि देवाने हा मार्ग दाखवला. मंडळीने मात्र तिघांना तीन वेगळे निरोप दिले, आणि त्या फरकावरून नंतर कमिटीत जे काही झालं त्यासाठी हे सगळं लिहून काढतेय. सभासदांचं रजिस्टर माझ्याकडे असतं त्यामुळे येणंजाणं मला इतरांच्या आधी कळतं. नावं कुणाचीच देत नाही, आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रजिस्टरची सुरुवातीची पानं उघडली तर जवळजवळ प्रत्येक नावापुढे कुठून आले ते लिहिलंय: नगर, राहुरी, नेवासा, जालना, एखादं सोलापूर. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, त्यामुळे त्या जिल्ह्यात गावोगावी ख्रिस्ती घरं, आणि मग शिक्षण, नोकरी, नाहीतर १९७२ चा दुष्काळ, काही ना काही कारणाने त्यातली कितीतरी पुण्यात आली, कुणी खडकीच्या फॅक्टरीत लागलं, कुणी दवाखान्यात, कुणी मिशनच्या शाळेत. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, त्यानंतरच्या आमच्या नोंदी जरा जास्त व्यवस्थित आहेत, सोबत गावच्या पाळकांची (पास्टरांची) पत्रं टाचणीने लावलेली. दोन-तीन ओळींचीच असतात, हे कुटुंब आमच्याकडे विश्वासू होतं, यांना आपल्यात घ्या. म्हणजे आमची अख्खी मंडळी दुसऱ्या कुठल्यातरी मंडळीने निरोप दिलेल्या माणसांची बनलीय. मागे गावात कीबोर्ड सोडा, साधी पेटी वाजवायला कोण उरलं असेल हा प्रश्न पुण्यात कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

जर्मनीवालं घर

गोंधळ इथूनच सुरू झाला म्हणून आधी हेच. ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स, आणि आमचं संडे स्कूल म्हणजे तीच. नवऱ्याला सगळे दादाच म्हणतात, तो एका कंपनीत अकाउंट्सला आणि रविवारी कीबोर्डवर. मुलगा सहावीत. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायची तर भाषा लागते, साधारणपणे बी टू लेव्हल मागतात, म्हणून ताई नाइट ड्यूटी करून बोट क्लब रोडला मॅक्सम्युलर भवनात क्लासला जायची. त्या परीक्षेचे चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं, आणि एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो. ताईचा पहिल्या वेळी बोलण्याचा राहिला.

आता मंडळीची गंमत बघा. निकाल कळला त्या आठवड्यात कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरगुती प्रार्थनासभेला, दोघीजणींनी तिचा हात धरून सांगितलं, ‘ताई, देवाने दार बंद केलंय गं, त्याला तू इथेच हवी आहेस.’ नंतर तोच भाग ती पास झाली तर त्याच दोघी उभ्या राहून साक्ष द्यायला लागल्या की देवाने दार उघडलं. ताईला विचारलं तर म्हणाली, ‘दार कसलं, माझं जर्मनमधलं डेर-डी-दास (नामांचं लिंग) चुकत होतं.’

दाराची ही भाषा आपल्यात फार आहे आणि ती शास्त्रातूनच आलीय हे मान्य, पण तिथे ती जशी आहे तशी आपण वापरत नाही असं मला वाटतं. बायबलातल्या प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौल आशियात जायला बघतो, आत्मा अडवतो, बिथुनियाकडे वळतो, तिथेही जाऊ देत नाही, मग त्रोवसला रात्री तो मासेदोनियाचा माणूस दिसतो. दर्शन पौलाला एकट्याला झालं, पण देवाने आपल्याला तिकडे बोलावलंय हा निष्कर्ष ‘आम्ही’ काढला असं तिथे लिहिलंय, सगळ्यांनी मिळून. आणि दार उघडून जिथे पोचले त्या फिलिप्पैत काय झालं, तर फटके आणि तुरुंग. एका परीक्षेच्या एका भागावरून उघडं-बंद ठरवणाऱ्यांनी पुढचं ते पानही वाचायला हवं.

पाळकसाहेब त्यांच्या घरी गेले तेव्हा मी आणि खजिनदार सोबत होतो. मला वाटलं होतं ते विचारतील ही देवाची इच्छा आहे याची खात्री आहे का वगैरे. तसं काहीच विचारलं नाही. लोहगावच्या फ्लॅटचा हप्ता किती वर्षं राहिलाय, दादाच्या वडिलांचं डायलिसिस कोण बघणार, ताई आधी एकटी जाणार तर मुलाची सकाळची शाळेची व्हॅन कोण गाठून देणार, असलेच प्रश्न. शेवटी एवढंच की दोघं एकत्र बसून प्रार्थना करताय की ही ड्यूटीवर असताना तू वेगळी करतोस आणि ही वेगळी. ताई म्हणाली, ‘पाळकसाहेब, पैसा पण आहे यात, खोटं कशाला बोलू.’ ते म्हणाले, ‘मग रूथच्या पुस्तकात नामीचं घर मवाबात कशाला गेलं होतं? भाकरीलाच गेलं होतं ना.’ ताई त्यावर पटकन म्हणाली की पण तिथे त्यांचं काय झालं तेही आहेच की, नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. पाळकसाहेब हसले, म्हणाले हो, तेही आहे, मी तुला विमा उतरवून देत नाहीये. मला ते उत्तर आवडलं. उगीच गोडगोड वचन काढून दिलं नाही.

कमिटीत मात्र विरोध झाला आणि तो अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ काका, चर्चच्या बांधकामापासून असलेले, त्यांचा मुद्दा सरळ होता: ही दोघं गेली की संडे स्कूल बंद, गाणी बंद, वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी दर महिन्याला येणारा यांचा दशांश (कमाईचा दहावा भाग) बंद, मग ज्या मार्गदर्शनाने देवाच्याच घराचं नुकसान होतं ते देवाचं कसं? कुणीतरी अंत्युखियाचं उदाहरण दिलं, प्रेषितांची कृत्ये १३, तिथे संदेष्टे आणि शिक्षक म्हणून पाच जणांची नावं आहेत आणि पवित्र आत्म्याने त्यातले नेमके बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) मागितले, पाचातले दोन, आणि तेही सगळ्यात कामाचे, मंडळीने उपास करून हात ठेवून पाठवले. काका म्हणाले, ‘अंत्युखियाकडे तीन उरले होते. तुमच्याकडे कोण उरतंय ते नाव सांगा.’ कुणाकडे नाव नव्हतं. मीटिंग तिथेच संपली, चहा पण नीट झाला नाही.

ताईचा निरोप ऑगस्टात झाला आणि तो जोरदार झाला. शाल, पुष्पगुच्छ, महिला मंडळाकडून साडी, संडे स्कूलच्या पोरांनी केलेलं कार्ड, बिर्याणी. त्या कार्डावर कुणीतरी मिस्पाचं वचन लिहिलं होतं, आपण एकमेकांच्या दृष्टीआड असताना परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, ते. निरोपाला बरेच जण लिहितात ते. उत्पत्ती ३१ काढून बघा, ते लाबान याकोबाला म्हणतोय, दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, मध्ये दगडांची रास घातलीय आणि ही ओलांडून माझ्याकडे यायचं नाही असं ठरवतायत. असो, पोरांना काय माहीत, भावना पोचल्या.

पण खरा प्रॉब्लेम त्या निरोपानंतरचा होता. बिर्याणी झाली, फोटो ग्रुपवर आले, आणि मंडळीच्या डोक्यात ते घर गेलं. प्रत्यक्षात गेली होती एकटी ताई. दादा आणि पोरगा कागदपत्रं होईपर्यंत इथेच, ते निघाले जानेवारीत. मधल्या काळात दादा रविवारी कीबोर्ड वाजवायचा, आणि आशीर्वचन झालं की लोक त्याला विचारायचे, ‘अरे तू अजून इथेच?’ वडिलांचं डायलिसिस आठवड्याला दोनदा, मुलाचा डबा, ऑफिस, व्हिसाचे कागद, सगळं त्याच्यावर, आणि घरी बायको व्हिडिओ कॉलवर रडतेय कारण तिकडे डिसेंबरात चारलाच अंधारल्यासारखं होतं म्हणे. हे सगळ्यात आधी लक्षात आलं पाळकबाईंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नीच्या. त्यांनी कुणाला न विचारता चार घरांत डब्याचे वार वाटून दिले आणि व्हॅनचं काम समोरच्या सोसायटीतल्या आपल्या एका कुटुंबाकडे दिलं. निरोप एका दुपारी उरकला होता, जाणं सहा महिने चाललं होतं.

ताईच्या सभासदत्वाच्या पत्राचंही सांगण्यासारखं आहे. तिला हवं होतं की सभासदत्व इथेच राहू द्यावं, वर्गणी भरत जाईन, भक्ती लाइव्ह बघत जाईन. आमची भक्ती सकाळी नऊला, तिकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, तरी बघेन म्हणाली. पाळकसाहेबांनी नाही म्हटलं नाही पण सांगितलं, ‘लाइव्ह बघ, पण पत्र तिथल्या मंडळीच्या नावाने नेऊन दे. तुला ताप आला तर लाइव्हवाले भाताची पेज घेऊन येणार नाहीत.’ अजून एक, हॉस्पिटलातल्या तिच्या मल्याळी मैत्रिणीमुळे वेळेत कळलं की तिकडे पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्मपंथ विचारतात, आणि इव्हँजेलिकल (तिकडे म्हणजे प्रोटेस्टंट) किंवा कॅथलिक म्हणून नोंद झाली की पगारातून चर्च टॅक्स कापला जातो, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आठ टक्के, बाकी ठिकाणी नऊ. पगाराच्या नव्हे, इन्कम टॅक्सच्या रकमेवर. आमचे खजिनदार आधी नीट ऐकून घाबरले आणि मग हिशोब करून म्हणाले, मग दशांशापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे की हो. तर भरायचं की नाही हा तिचा प्रश्न, पण अशी माहिती निरोपाच्या आधी मिळणं हे मला दहा शालींपेक्षा मोलाचं वाटतं.

नेवाशाचं घर

ह्या घराबद्दल कुणीच चर्चा केली नाही, तीच खरी गोम. हे काका खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, मुलगा दुबईला, मुलगी नाशिकला. गावी वडिलोपार्जित घर होतं ते दुरुस्त केलं आणि काकूंना म्हणाले चल. गावच्या मंडळीत आता आठ-दहाच घरं, पाळक महिन्यातून एकदा येतात, काकांचं म्हणणं की बाकीच्या रविवारी प्रार्थना घ्यायला कुणीतरी हवं आणि मला तेच दिसतंय. हे ऐकून आमच्याकडे कुणीही ‘देवाचं पाचारण’ हा शब्द काढला नाही. काढला तो दवाखान्याचा विषय, ह्या वयात गावात कशाला, बीपी आहे, एसटीने तपासणीला येणार का. जर्मनीला जाणाऱ्या आयसीयू नर्ससाठी तीन प्रार्थनासभा झाल्या आणि आठ घरांची भक्ती चालवायला परत निघालेल्या माणसासाठी रविवारच्या सूचनांमध्ये एक ओळ, एक शाल आणि चहा.

ऑक्टोबरात आमच्या एका आजी वारल्या. रात्री दोनला फोन आला आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की शवपेटी कुठून आणायची, दफनभूमीत कुणाला सांगायचं, जुन्या कबरीची पावती लागते की नाही, खोदणारे लोक पावसात येतात का, ह्यातलं कुणालाच काही माहीत नाही. वर्षानुवर्षं हे सगळं ते काका करत होते. कमिटीत नव्हते, कुठल्या मंडळात नव्हते, त्यांच्या खिशात एक डायरी असायची एवढंच. शेवटी पहाटे नेवाशाला फोन केला. त्यांनी तिथून चार फोन केले, आठ वाजेपर्यंत सगळी सोय झाली, आणि दुपारी दफनविधीला स्वतः एसटीने येऊन उभे. कीबोर्ड थांबेल म्हणून आम्ही दोन मीटिंगा घेतल्या होत्या. डायरी नेवाशाला चाललीय हे एकाही मीटिंगच्या अजेंड्यावर नव्हतं.

खराडीचं घर

तिसरं जोडपं तरुण, दोघं आयटीत, मुलगी पाच वर्षांची. मुलगी इंग्लिश मीडियम, घरात बोलायला मराठी येतं पण संडे स्कूलमध्ये मराठी वचन पाठ म्हणताना अडखळायची आणि मोठी मुलं हसायची. ताई होती तोवर ती सांभाळून घ्यायची. ताई गेल्यावर महिन्याभरात त्यांनी पाळकसाहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केलं की आम्ही बराच काळ प्रार्थना करत होतो, खराडीच्या मंडळीत जातोय, आणि त्याच रात्री ग्रुपवर दोघांच्या नंबरापुढे ‘लेफ्ट’ दिसलं. निरोप नाही, शाल नाही, काही नाही. उलट पुढच्या रविवारी एकाने प्रार्थनेतच १ योहान २:१९ वापरलं, ते आपल्यातून निघाले पण ते आपले नव्हते. उघडून वाचलं तर योहान ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांबद्दल बोलतोय. मुलीला कळेल अशा भाषेत भक्ती शोधणाऱ्या आईबापांना ते लावणं हा सरळ सरळ अन्याय आहे, आणि मी हे तेव्हाच बाहेर व्हरांड्यात त्या भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘मग विचारून जायचं ना.’ त्याचाही मुद्दा होताच. ग्रुप सोडायच्या आधी एकदा घरी येऊन चहा घेतला असता तर निम्मं बोलणं झालंच नसतं.

पण मनात आलं ते असं की जर्मनीचं मार्गदर्शन आम्हाला पटलं कारण त्याच्यावर व्हिसाचा शिक्का होता. लांब जाणारा माणूस आपल्याला नाकारतोय असं वाटत नाही, जवळ जाणारा मात्र तसा वाटतो. खराडीचं घर जर कॅनडाला गेलं असतं तर त्यांनाही बिर्याणी मिळाली असती.

कमिटी आणि बुधवारचा अभ्यास

आजींच्या दफनानंतर जी मीटिंग झाली त्यात हे सगळं एकत्र बाहेर आलं. ज्येष्ठ काका त्यांच्या मतावर ठाम, जाणारे जातातच, देवाचं नाव मागून लावतात. दुसरी बाजू अशी की आपण कोण ठरवणारे, ज्याने त्याने देवाला उत्तर द्यायचंय. मला दोन्हीत सोय दिसते. पहिल्यात राग धरायची सोय, दुसऱ्यात काहीच न करायची.

पाळकसाहेबांनी वाद तिथे मिटवला नाही, बुधवारच्या शास्त्राभ्यासात प्रेषितांची कृत्ये २० आणि २१ घेतलं, सलग काही आठवडे. मिलेतचा निरोप सगळ्यांना माहीत असतो, पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांना, देवाच्या हाती सोपवून देतो, सगळे गळ्यात पडून रडतात, परत तोंड दिसणार नाही म्हणाला त्याचं त्यांना सगळ्यात जास्त वाईट वाटतं, मग गलबतापर्यंत पोचवतात. निरोप समारंभात हेच वाचलं जातं. पुढचा अध्याय कुणी वाचत नाही, आणि अवघड तो आहे. पौल मिलेतलाच म्हणून गेलाय की आत्म्याने बांधलेला मी यरुशलेमेला चाललोय. सोर इथले शिष्य आत्म्याच्याच सांगण्यावरून त्याला म्हणतात जाऊ नकोस. म्हणजे दोन्ही बाजूंना तोच आत्मा! कैसरीयात फिलिप्पाच्या घरी अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, तुझं असं होणार. लेखक लूक स्वतः तिथे आहे, ‘आम्हीही विनवलं’ म्हणतो. पौल ऐकत नाही. शेवटी प्रभूच्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणून सगळे गप्प बसतात. कोण बरोबर होतं ते लूक सांगतच नाही.

आम्ही इथे थांबणार होतो पण पाळकसाहेब म्हणाले पुढच्या दोन ओळी वाचा. सोळाव्या ओळीत कैसरीयाचे काही शिष्य पौलाबरोबर निघतात आणि म्नासोन नावाच्या कुप्रच्या एका जुन्या शिष्याकडे त्याची उतरायची सोय करतात. ज्या गावाने रडून रडून सांगितलं जाऊ नकोस, त्याच गावची माणसं वाटेला लागून मुक्कामाची व्यवस्था बघतायत. सोरच्या लोकांनीही तेच, पटलेलं नसताना बायकापोरांसकट गावाबाहेर समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले, गुडघे टेकले, प्रार्थना केली. मला इतकी वर्षं वाटायचं की देवाच्या मार्गदर्शनावर विश्वास ठेवून निरोप द्यायचा म्हणजे आधी आपल्याला ते मार्गदर्शन पटायला हवं. तिथे तसं काही नाहीये. त्यांना पटलेलं नव्हतंच, जाणाऱ्याला आणि स्वतःला दोघांनाही देवाच्या हातात देऊन ते मुक्कामाचं बघायला लागले. ज्येष्ठ काका मागच्या बाकावरून म्हणाले, ‘म्हणजे मत बदलायची गरज नाही, डबा द्यायची आहे.’ सगळे हसले, पण ते थट्टेत म्हणत नव्हते.

नंतर काय झालं

खराडीच्या जोडप्याकडे पाळकसाहेब आणि मी गेलो, ग्रुप सोडून तोपर्यंत दोनेक महिने झाले असतील. पत्र नेलं होतं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल किंख्रियाच्या फिबीसाठी लिहितो ना, तिला प्रभूमध्ये स्वीकारा आणि तिला जे लागेल त्यात मदत करा, त्या धर्तीवर आम्ही आता पत्र लिहितो, नुसतं सभासद होते एवढं नाही तर हा माणूस काय काय करतो तेही. नवऱ्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, आम्हाला वाटलं आमचं नाव कापलं असेल. त्यांचं डॉक्युमेंटेशन म्हणजे मुलीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत वगैरे, तेही दिलं. तिथल्या पास्टरांना पाळकसाहेबांनी समोरच फोन लावला. बायको मात्र शेवटपर्यंत जरा गप्पच होती, प्रार्थनेतलं ते वचन तिच्यापर्यंत पोचलं होतं. एका भेटीत ते जाणार नाही.

संडे स्कूलसाठी बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतला एक विद्यार्थी येऊ लागला, मूळचा नागालँडचा. (सेमिनरी स्वतःच १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आलेली, तेव्हा यवतमाळकरांना काय वाटलं असेल कोण जाणे.) त्याला मराठी येत नाही, त्यामुळे वर्ग आता हिंदी-इंग्लिशमध्ये चालतो, म्हणजे खराडीवाल्यांना जे हवं होतं ते ते गेल्यावर सुरू झालं. ह्यात देवाचा हात शोधणारे आमच्यात आहेत, मी त्या फंदात पडत नाही.

कीबोर्डचं अजून जमलेलं नाही. दादाने जायच्या आधी दहावीतल्या एका मुलीला शिकवलं, तिला चार-पाच गाणी येतात, पण जानेवारीपासून बोर्डाच्या परीक्षेसाठी तिच्या आईने तिला बसवून ठेवलं ते बरोबरच केलं. तेव्हा ढोलकी आणि टाळांवर जुनी भजनं चालू आहेत. म्हाताऱ्यांना आवडतंय, तरुण संघ कंटाळलाय. स्लॅबचं काम थांबलंय.

दादाच्या वडिलांना त्याच्या बहिणीने विश्रांतवाडीला नेलं, डायलिसिसला सोडायला मंगळवारी आमच्यातले एकजण जातात, शुक्रवारी बहीण सुट्टी घेते. ताईने तिकडे पत्र एका लहान मंडळीत दिलं, तिथल्या एका आजीने तिला थंडीचे बूट आणून दिले म्हणून सांगत होती. ती तिथे टिकेल की परत येईल माहीत नाही, तिलाही नाही.

कमिटीने ठराव केला तो असा की जाणारं घर कुठेही जावो, खराडी असो की जर्मनी, हात ठेवून प्रार्थना भक्तीतच होईल, पत्र रजिस्टरमधून मी तयार करीन, आणि पुढे वर्षभर कमिटीतलं एक घर त्यांच्या संपर्कात राहील. शिवाय निघायच्या आधी त्या माणसाबरोबर बसून तो न सांगता काय काय करतो ते लिहून घ्यायचं. हा शेवटचा मुद्दा ज्येष्ठ काकांनी घातला. नेवाशाच्या काकांच्या डायरीची झेरॉक्स आता ऑफिसच्या कपाटात आहे, दोन नंबर बंद लागतात ते तेवढे बदलून घ्यायचेत. वाकडला एक घर शिफ्ट होतंय मे महिन्यात, त्यांचं पत्र करायला घेतलंय. आणि पाळकसाहेबांच्या बदलीचं पण बोलणं सुरू झालंय डायोसिसकडून (धर्मप्रांताकडून), त्यांच्या बाबतीत हे वर्षभर संपर्काचं कलम लागू होतं का यावर येत्या मीटिंगला चर्चा आहे.